फास, ऊद आणि हजेरी

आमचा पणजा मढ्याचे खड्डे खणायचा. गावात लिंगायताचं मढं असो की कुणाचं दुधपितं पोर असो, कुदळ त्याच्या खांद्यावर. महारवतन शाहू महाराजांनी 1918 लाच कोल्हापूर संस्थानातून मोडलं, पण ते कागदावर. खड्ड्याचा निरोप पुढं कैक वर्षं येतच राहिला. आज्जा सांगतो, पणजा माती लोटून झाली की वर दगड रचायचा, दगडावर बाभळीचे काटे टाकायचा आणि वर परत दगड. कशाला? तर ऊद येतो. मसण्या ऊद. रातचा येतो, उकरतो.

हा ऊद कोण, ते मी लई दिवस शोधत होतो. लायब्ररीत पुस्तकं चाळली, तर गोंधळ वाढला. आपल्याकडं पाण्यातला मासेखाऊ प्राणी तोही ऊद, झाडावर चढून फळं आणि कोंबड्या खाणारा तोही ऊद किंवा उदमांजर, कोकणात त्यालाच कांडेचोर म्हणतात, आणि मसणवटीत उकरणारा तो मसण्या ऊद. शास्त्रवाले म्हणतात यांची कुळं वेगळी. पाणमांजर आणि चांदी अस्वल हे दोन खरे एका कुळातले, थंड मुलखातल्या त्या लांबोळक्या, आखूड पायाच्या, उंदीरमाऱ्या जनावरांचे भाऊबंद. उदमांजराचं घर वेगळं. मुंगूस तर मांजर-तरसाच्या बाजूचं. पण शास्त्र पुस्तकात बसून नाव ठेवतं. माणसानं नाव ठेवलं ते अंधारात दोन डोळे आणि उकरलेली माती बघून. मसण्या ऊद हे नाव वाड्यात बसणाऱ्यानं ठेवलेलं नाही. ज्याला मसणात रात्र काढावी लागली त्यानं ठेवलं आहे. एवढं तरी मला माझ्या पणज्याच्या खात्यावर जमा करू द्या.

जर्डन नावाच्या साहेबाचं 1867 सालचं हिंदुस्थानच्या प्राण्यांवरचं पुस्तक आहे. त्यात चांदी अस्वलावर मढी उकरण्याचा आळ असल्याचं लिहिलं आहे. पाठ पांढरी-राखी, पोट काळं, नखं कुदळीसारखी. मधाची पोळी फोडतं, बीळ खणतं, उंदीर-घुशी-साप खातं. मढ्याचं खरं किती आणि आळ किती, हे जनावराला कोण विचारतो? आळ एकदा चिकटला की चिकटला. ही गोष्ट जनावरापुरती थांबली असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मी तिसरी पाळी करून सूतगिरणीतून सायकलीनं परत येत होतो. कपड्यावर कापूस, डोळ्यात झोप. माळाच्या कडंला चार पालं पडलेली. फासेपारध्यांची. एक म्हातारा फास सारखे करत बसलेला. बांबूच्या कामट्या, त्यांना दोऱ्याचे फास, एकाला एक जोडून हातभर जुडी. मी थांबलो. चहाचं विचारलं नाही त्यानं, मीही नाही. बिडी दिली.

"काय घावतंय काका?"

"काय घावतंय बाबा. लावा घावला तर घावला. तितर तर ऱ्हायलाच न्हाई."

मी मुद्दाम उदाचं काढलं. म्हातारा हसला. म्हणाला, "ते फासाचं जनावर न्हाई. त्येचं कातडं त्येच्या अंगाला नसतंयच. सैल अंगरखा घातल्यागत. तुम्ही मानंला धरा, ते आत फिरतंय आन् तुमचा हात धरतंय. कुत्री सोडली तर कुत्री रडत येत्यात. माझ्या बापानं एकदा बिळावर फास मांडला, तितर म्हनून न्हवं, साळिंदराचं बीळ म्हनून. सकाळी फास न्हाई, खुट्टी न्हाई, आन् भोवतीची माती नांगरल्यागत."

सैल कातडीचं त्यानं सांगितलं ते पुस्तकातही आहे. चांदी अस्वलाची कातडी जाड आणि मोकळी असते, पकडणाऱ्याच्या हातात कातडी राहते आणि जनावर आत वळतं. साहेबानं लिहिलं म्हणून ते ज्ञान झालं. म्हाताऱ्याच्या बापानं पाहिलं ते काय होतं?

पारध हा शब्द संस्कृतातल्या पापर्धी या शब्दावरून आला असं व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात. म्हणजे धंद्याच्या नावातच पाप घालून ठेवलं. राजा जंगलात गेला की ती मृगया. पारधी गेला की ते पाप. पारध्यांची आपसातली बोली वाघरी. वागुर म्हणजे जाळं, त्यावरून. गुजरातीच्या जवळची भाषा. फासेपारधी, गावपारधी, लंगोटी पारधी, चित्तेपारधी अशी पोटनावं, काही धंद्यावरून पडलेली. चित्तेपारधी चित्ता जिवंत धरून द्यायचे, संस्थानिक त्याला माणसाळवून हरणावर सोडायचे. कोल्हापूरच्या दरबारात चित्ते होते, हे इथं पोरासोरांना ठाऊक आहे. हिंदुस्थानातला चित्ता संपत आला तसे आफ्रिकेतून आणले. धरणाऱ्याचा धंदा तिथंच बुडाला.

शाहू महाराजांबद्दल एक गोष्ट मान खाली घालून मान्य करावी लागते. ते शिकारी होते, रानात हिंडायचे, तिथं त्यांनी पारधी बघितला तो चोर म्हणून नाही. सोनतळीच्या कॅम्पाजवळ फासेपारध्यांना जागा दिली, पहाऱ्याचं काम दिलं. सगळा मुलूख ज्याला दरोडेखोर म्हणत होता त्याला राजानं आपल्या दारावर उभा केला. 1918 सालीच महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरीही संस्थानात बंद झाली. हजेरी म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगितलं पाहिजे. चावडीवर जाऊन 'मी आहे, मी पळालो नाही, मी रात्री चोरी केली नाही' असं अंगठ्यानं सांगायचं. गुन्हा काय? जन्म.

संस्थानाच्या हद्दीबाहेर मात्र इंग्रजाचा कायदा. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तरेकडं आला. 1911 साली तो नव्यानं करून मुंबई इलाख्यापर्यंत आणला. हे 1911 साल मला झोपू देत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला पाचव्या जॉर्जचा दरबार भरला. इंग्लंडच्या राजाच्या आणि लॉर्डांच्या झग्याला जी पांढरी फर लावतात, मधूनमधून काळे शेपटीचे ठिपके असलेली, ती कशाची? उदाच्याच कुळातल्या त्या बारक्या जनावराची. हिवाळ्यात ते बर्फासारखं पांढरं होतं, फक्त शेपटीचं टोक काळं राहतं. एका झग्याला अशी किती लागत असतील ते मोजा. ती धरणारे फासेवालेच होते, तिकडच्या बर्फातले. कॅनडात 1670 सालापासून एका कंपनीनं फरच्या व्यापारावर मुलूखच्या मुलूख चालवला. तिकडच्या गोऱ्या फासेवाल्याची शूर म्हणून पुस्तकं निघाली. इकडच्या फासेवाल्याची पोलिसाच्या वहीत नोंद निघाली.

आणि तिसरी गोष्ट. त्याच 1911 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. खानदेशापासून. क्रम्प नावाचा साहेब नमुने गोळा करत हिंडला. मुंगूस, उंदीर, वटवाघूळ, जे मिळेल त्याची कातडी आणि कवटी. काम मोठं झालं, त्याला नाव ठेवत नाही. पण नमुन्याला जी चिठ्ठी बांधतात तिच्यावर गाव असतं, तारीख असते, शेपटीची लांबी असते आणि गोळा करणाऱ्या साहेबाचं नाव असतं. कुठल्या बिळात काय राहतं हे ज्याला ठाऊक, त्याला चिठ्ठीत रकाना नाही. त्याच्यासाठी दुसरीकडं रकाना होता. हजेरीच्या वहीत.

आता माझ्या धंद्याकडं येतो. मी गिरणीचा माणूस, म्हणून ही बाजू मला जास्त लागली. सोलापूरला सेटलमेंट होती. तारेचं कुंपण, आत पारधी, कैकाडी, भामटे, मांगगारुडी. मुंबई इलाख्याच्या या वसाहतींचा कारभार स्टार्ट नावाचा अधिकारी बघायचा. या लोकांना 'कामाची सवय' लावायची, तर कुठं? गिरणीत. सोलापूरच्या गिरण्यांत सेटलमेंटची माणसं कामाला गेली. सकाळी कुंपणातून सुटायचं, भोंग्याला साच्यावर उभं राहायचं, सुटलं की परत कुंपणात, परत हजेरी. म्हणजे दिवसात दोन हजेऱ्या. एक मालकाची, एक सरकारची. ज्याचे बोट घोड्याच्या केसाचा फास वळायचे त्याच बोटांनी तुटलेला धागा सांधायचा. साच्यावर उभं राहून मी हे लई वेळा मनात आणून बघितलं आहे. धागा सांधायला बोट तसंच फिरतं.

याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला कमिटी नेमली, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. 1930 ला अहवाल आला. बाबासाहेब कुणाकुणाच्या शेजारी बसून आपला मुद्दा लावून धरत होते, हेही ध्यानात ठेवावं.

मुंबई प्रांतानं तो कायदा 1949 ला मोडला, देशभर 31 ऑगस्ट 1952 ला मोडला. गुन्हेगार ते विमुक्त झाले. मग 1959 ला इथं सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जातीचं नाव काढलं, वही तीच.

1972 ला वन्यजीवांचा कायदा झाला. तो नको होता असं मी म्हणत नाही. रान संपत होतं, तितर संपत होता, पाणमांजर पंचगंगेत दिसत होतं म्हणून आज्जा सांगतो आणि मला पंचगंगेत फेस दिसतो. कायदा पाहिजेच. पण रान कापलं कुणी, नदीत मळी सोडली कुणी, आणि फास काढून घेतला कुणाचा? फास काढून घेतल्यावर त्याच्या हातात दुसरं काय दिलं, हे त्या म्हाताऱ्याच्या पालात जाऊन बघा. तिलारीच्या बाजूला पाणमांजर अजून आहे असं वाचतो. चांगलं आहे. राहो.

मुंगसाची गोष्ट तर आमच्या गल्लीपर्यंत येते. कोल्हापूर ही चित्रकारांची पेठ. आबालाल रहिमान इथले, बाबुराव पेंटर इथले, 'सैरंध्री' 1920 ची इथलीच. माझा एक दोस्त पाट्या रंगवतो. दुकानाच्या पाट्या, जयंतीचे बोर्ड, भिंतीवरचे बाबासाहेब. त्याच्या डब्यात जुने ब्रश. म्हणाला, "हे मुंगसाचं. असला ब्रश परत न्हाई. रंग धरतो, टोक मोडत न्हाई." तेव्हा मला कळलं की तेलरंगाचा भारी ब्रश म्हणजे मुंगूस. केस ताठ, टोकाला निमुळता, पट्ट्यापट्ट्याचा. किलोभर केसाला पन्नासेक मुंगसं मरतात. उत्तर प्रदेशात शेरकोट म्हणून गाव आहे, ब्रश बनवणारं. देशभरच्या फासेवाल्यांनी धरलेली मुंगसं अशा गावांत केस होऊन जायची. मांस धरणाऱ्याच्या पोटात, केस दलालाच्या पिशवीत, ब्रश चित्रकाराच्या हातात, चित्र बंगल्याच्या भिंतीवर. 2002 साली मुंगूस कायद्याच्या वरच्या यादीत गेलं, व्यापार पुरा बंद. तरी चोरून चाललाच. 2019 च्या ऑक्टोबरात देशभर धाडी पडल्या, हजारो ब्रश सापडले. दोस्ताला सांगितलं तर त्यानं डबा बंद केला, आणि बराच वेळ बोलला नाही. त्याच ब्रशानं त्यानं आमच्या विहाराच्या भिंतीवर बुद्ध काढला आहे.

म्हाताऱ्याला मुंगसाचं विचारलं होतं. तो म्हणाला, "मुंगूस फासात आलं की वरडत न्हाई. फास चावतंय. आपुन जवळ गेलो की फुगतंय, येवढंसं जनावर येवढं हुतंय. आन् डोळ्यात बघतंय. लावा बघत न्हाई, ससा बघत न्हाई. हे बघतंय. पूर्वी धरायचो. पावडर-साबणाचं पैसं व्हायचं. आता न्हाई धरत."

"कायद्याला भिऊन?"

"कायदा काय, न्हाई धरलं तरी नेत्यातच की."

हे त्यानं सांगितलं आणि आठ दिवसांत ते खरं झालं. एका गिरणीच्या आवारातून तांब्याची तार गेली. रातोरात पालावर गाडी आली. म्हातारा आणि त्याचे दोन पोरगे नेले, फासांची जुडी पुरावा म्हणून नेली. आता तांब्याची तार आणि लाव्ह्याचे फास यांचा संबंध काय, हे मला कुणी समजावून सांगावं. पण मला लिहायचं आहे ते पुढचं. पालाकडं बोट दाखवलं कुणी? आमच्याच वस्तीतल्या एका पोरानं. ज्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, ज्याच्या पणज्यानं माझ्या पणज्याबरोबर चावडीवर अंगठा दिला. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "ती लोकं तसलीच असत्यात." त्याच्या बापानं मान डोलावली. आणि मी? मी त्या रात्री पाळीवर होतो हे खरं. दुसऱ्या दिवशी मोकळा होतो हेही खरं. चौकीवर गेलो तिसऱ्या दिवशी.

तार नंतर आवारातच मिळाली, भंगाराच्या ढिगाखाली. माणसं सुटली. फास परत मिळाले नाहीत.

मी पालावर गेलो तेव्हा पालं उठलेली होती. चुलीचे तीन दगड, राख, आणि एका बाजूला ताजी उकरलेली माती. त्यांचं एखादं पोर गेलं असेल आणि पुरलं असेल असं मनात येऊन मी तिथंच खाली बसलो. मग बघितलं तर माती आतून बाहेर फेकलेली, नखांच्या खुणा खोल, भोवती घुशीची बिळं. ऊद रात्री येऊन गेला होता.