धानाची मजुरी आणि बिडीचा आठवडा

भंडारा जिल्ह्यातल्या मजुराच्या घरात पैसा किती येतो, यापेक्षा तो केव्हा येतो आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, यावर त्या घराचे निर्णय ठरत आले. धान हे इथले मुख्य पीक. पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी, एवढ्या दोन हंगामांत बहुतेक मजुरी मिळायची, तीही पुष्कळदा पायलीने मोजून धानातच. धानाने चूल पेटते. पण औषध, कापड, लग्न यांना रोकड लागते, आणि ती मालगुजाराच्या किंवा सावकाराच्या दारात मिळायची. उसने घेणारा मजूर पुढच्या हंगामाचे आपले हातही तिथेच बांधून यायचा. बिडीने ही घडी मोडली. जंगलातले तेंदूपान, रेल्वेने येणारा तंबाखू, एक कैची आणि सूप एवढ्यावर बाई घरी बसून बिड्या वळू लागली. मजुरी हजारी दराने आणि दर आठवड्याला रोख. गोंदिया, तिरोडा हा भाग 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. बिडीचे मोठे कारखानदार त्याच पट्ट्यात उभे राहिले.

या रोकडीची ताकद किती होती, याचा सर्वांत बोलका पुरावा सरकारनेच मागे ठेवला आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने 1948 साली एक कायदा केला. शेतीला मजूर पुरावेत म्हणून बिडीच्या भागांतल्या ठरावीक गावांत हंगामापुरते बिडी वळणेच बंद करण्याचा अधिकार त्याने डेप्युटी कमिशनरला दिला. भंडारा तेव्हा याच प्रांतात होता. सागर जिल्ह्यात 1950 साली असा हुकूम निघाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला. शेतीशी संबंध नसलेले लोक, म्हाताऱ्या बायका, अपंग माणसे यांचीही रोजी त्यामुळे बंद होत होती, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. शेतावरच्या मजुरीला टक्कर देणारी रोजी नसती, तर ती बंद करायला कायदा कशाला लागला असता?

यावर कोणी म्हणेल की तो खटला सागरचा, आणि अर्जदारांत एक जण कारखान्याचा मालकच होता. त्यात मजुराचे स्वातंत्र्य कुठे आले? आक्षेप रास्त आहे. मालक आपल्या नफ्यासाठीच लढला. पण कायद्याचा हेतू मालकाचा नफा कमी करण्याचा नव्हता, मजुराला बांधावर परत आणण्याचा होता. दुसरा आक्षेप याहून जड आहे: बिडीने मजूर सावकाराकडून सुटला आणि सट्टेदाराच्या, म्हणजे कारखानदारासाठी बिड्या वळून घेणाऱ्या कंत्राटदाराच्या, हातात सापडला. हे मला पूर्ण मान्य आहे. पान आणि तंबाखू तोलून देणारा तोच, वळलेल्या बिड्या मोजणारा तोच, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढणारा तोच. पान वाळलेले, फाटके निघाले तरी तितक्याच बिड्यांची अपेक्षा, म्हणजे तूट बाईच्या अंगावर. छाट बिडीची मजुरी नाही, आणि ती बिडीही तिला परत नाही. आठवड्याची रोकड हाती येत होती, पण तिचा आकडा दुसऱ्याच्या वहीत लिहिला जात होता. 1958 साली तर सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार आणि त्याच्याकडचे मजूर कारखान्याचे कामगार नाहीत असे ठरवले. कारखानदाराला जबाबदारीतून निसटायला वाट मिळाली.

म्हणून 1966 चा बिडी-सिगार कामगार कायदा मला दरवाढीपेक्षा मोलाचा वाटतो. घरी वळणारी बाई त्याने कामगारांत मोजली, आणि माल देणे, बिडी नाकारणे, नाकारलेल्या बिडीची मजुरी या तिन्ही तंट्यांना वहीच्या बाहेरचा न्याय दिला. अंमलबजावणी ढिली राहिली, हे खरेच. तरी 1977 मध्ये बिडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी बसून वळणाऱ्यांनाही तो लागू असल्याचे ठरवले. आठवड्याच्या बाजारापुरती पुरणारी बिडीची मजुरी म्हातारपणासाठी मागे ठेवण्याचा हक्क या बायकांना कायद्याने मिळाला तो तेव्हा.