नावाच्या मध्यभागी आजोळ

बाळाला बाप्तिस्म्यासाठी चर्चच्या दाराशी आणले म्हणजे धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो नावाचा. उत्तर एकदोन शब्दांचे असते. परंतु त्या शब्दांपाठी कधीकधी दोन घराण्यांचा इतिहास उभा असतो. समजा, वसईची एखादी लेक नगर जिल्ह्यात नांदायला आली. तिला भाऊ नाही. माहेरचे आडनाव तिच्याबरोबर संपणार. अशा वेळी पहिल्या मुलाच्या नावाच्या मध्यभागी ते आडनाव घालावे, असे तिच्या मनात आले, तर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘मधली जागा बापाची. तिथे परके आडनाव कशाला? आपल्यात असे कधी झाले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

मधली जागा वडिलांची, ही महाराष्ट्राची जुनी रीत खरीच. धर्मांतरानेही ती मोडली नाही. रेव्हरंड टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तरी ते नारायण वामन टिळकच राहिले. ज्या पित्याचा धर्म मागे राहिला, त्या पित्याचे नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत मध्यभागी वागवले. पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक झाले. आमच्या कॅथलिक घरांतही आडनावे गावचीच राहिली. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन होऊन नगर जिल्हा त्यात आला, तेव्हा त्याचे पहिले बिशप झाले थॉमस भालेराव. प्रेषिताचे नाव आणि मराठी आडनाव यांची सोयरीक त्या दोन शब्दांत दिसते.

परंतु याच नगरात दुसरी रीतही नांदून गेली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ पासून येथे होते. त्यांच्या मुलांच्या नावांत मधल्या जागी पित्याचे नाव असलेच पाहिजे, असे नव्हते. पुष्कळदा तेथे एखादे आडनाव असे, आणि तेही आईच्या माहेरचे. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना डर्बी सॅकेट हे दांपत्य मुंबईत काम करीत होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम पुढे नगरला आला. १८७८ साली त्याने येथे धर्मशिक्षणाची शाळा काढली आणि दुष्काळात मोठे साहाय्यकार्य केले. नगरचे ह्यूम मेमोरियल चर्च आजही त्या घराण्याचे नाव सांगते. याच रॉबर्टचा धाकटा भाऊ एडवर्ड. त्याचे पूर्ण नाव एडवर्ड सॅकेट ह्यूम. मराठी कानाला ‘सॅकेट’ हा शब्द विचित्र वाटेल. पण ते त्याच्या आईचे माहेर होते. १८५४ साली मायदेशी परतताना वडील समुद्रप्रवासात वारले. लहान मुलांना वाढवण्याचा भार आईवर पडला. त्या आईच्या घराण्याचे नाव एडवर्डबरोबर जन्मभर राहिले. पुढे तोही मुंबईस परत येऊन शाळेच्या कामात रमला.

कोणी म्हणेल, ही तर प्रॉटेस्टंट आणि परदेशी लोकांची चाल. तर मग गोव्याकडे वळू. पोर्तुगीज पद्धतीत आईकडचे आडनाव आधी आणि वडिलांचे शेवटी येते. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे आद्य प्रवर्तक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचा जन्म १८९१ साली चांदर येथे, म्हणजे आजोळी झाला. त्यांचे वडील कुन्हा, आई ब्रागांझा. दोन्ही घरे एका नावात सुखाने नांदली.

आता आणखी जवळ येऊ. आमच्या कितीतरी घरांत ‘फ्रान्सिस झेवियर’ असे नाव ठेवलेले असते. त्यातील ‘झेवियर’ म्हणजे काय? ते मुळात कोणाचे पाळण्यातले नाव नव्हे. ते एका गढीचे नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’. नवारे प्रांतातील त्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिसचा जन्म झाला. त्याच्या पित्याचे नाव ह्वान दे हास्सो. म्हणजे पित्याच्या आडनावाने गेला असता, तर आज आम्ही ‘संत फ्रान्सिस हास्सो’ म्हणालो असतो! झेवियरची गढी होती आईची. मारिया दे आस्पिल्कुएता ही घराण्याची वारस लेक होती आणि ती गढी तिच्याकडून आली. मे १५४२ मध्ये गोव्याच्या बंदरात जो धर्मगुरू उतरला, तो आजोळचे नाव घेऊन उतरला. आमची मुले ज्या शब्दाने संताचा आश्रय मागतात, तो एका आईचा वारसा आहे, हे आम्ही विसरून गेलो आहोत.

हीच गोष्ट थोड्याफार फरकाने इतर नावांची. लोयोला हे घराण्याचे ठिकाण; गोन्झागा, बॉस्को, सॅव्हियो, व्हियानी ही सारी आडनावे. आमच्या मुलांच्या नावांत ती अशी मिसळली, की त्यांचे परकेपण उरले नाही.

धर्मसभेचा नियमही आड येत नाही. १९१७ च्या धर्मसंहितेने ख्रिस्ती नाव ठेवण्याचा आग्रह धरला होता. आईवडील ऐकत नसतील, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत, असे सांगितले होते. १९८३ च्या संहितेत एवढेच म्हटले आहे, की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. आईच्या प्रामाणिक घराण्याचे नाव त्या भावनेला परके कसे असेल? बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तर आई आणि वडील दोघांचीही नावे लिहिण्याचा दंडक आहे.

सरकारनेही आता पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तेही एका स्त्रीचे, आणि तिचे माहेर याच जिल्ह्यातील चौंडी. आईला जागा मिळाली. तिच्या माहेरच्या आडनावाला मात्र या क्रमात स्वतंत्र जागा नाही. ते ठेवायचे, तर बाळाच्या स्वतःच्या नावालाच जोडावे लागेल, जसे ‘फ्रान्सिस झेवियर’ जोडले जाते. असे करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. बाप्तिस्म्याची नोंद, जन्मदाखला आणि शाळेचे रजिस्टर या तिन्ही ठिकाणी ते एकाच रीतीने लिहावे. नाहीतर प्रेमाने दिलेले नाव मुलाला पुढे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लावील.

आणि दुसरी काळजी याहून मोठी. मुलाला त्या नावाची गोष्ट सांगावी. शाळेत सोबती हसतील, ‘हे कसले रे नाव?’ असे विचारतील. तेव्हा त्याला मान खाली घालावी लागू नये. ‘हे माझ्या आईचे घर आहे,’ एवढे त्याला सांगता आले, म्हणजे ते नाव सार्थकी लागले.