‘तो काळच तसा होता’ म्हणण्यापूर्वी

रात्री भिंतीच्या कडेकडेनं पळणारी चिचुंद्री आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्या कुळातल्या प्राण्याला इंग्रजीत ‘श्रू’ म्हणतात. तो चावला तर विष भिनतं, अशी जुन्या इंग्लंडात समजूत होती. दुष्ट, खुनशी माणसालाही तिथं ‘श्रू’ म्हणत. गंमत अशी, की सुरुवातीला ही शिवी पुरुषांनाही लागू होती. पुढं पुरुष त्यातून अलगद सुटले आणि शिवी बाईच्या नावावर राहिली. जिची जीभ चालते, ती श्रू. शेक्सपिअरनं १५९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या एका विनोदी नाटकाच्या नावातच हा शब्द आहे : ‘द टेमिंग ऑफ द श्रू’. कजाग बाईला माणसाळवण्याची गोष्ट.

गोष्ट थोडक्यात अशी. पादुआ शहरातल्या एका धनिकाला दोन मुली. धाकटी बियांका गोड, मवाळ. तिच्यासाठी स्थळांची रीघ. थोरली कॅथरिना तोंडाळ. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही, असा बापाचा हट्ट. मग पेट्रुकिओ नावाचा गृहस्थ हुंड्यावर नजर ठेवून येतो, कॅथरिनाशी लग्न करतो आणि तिला ‘सरळ’ करतो. कसं? तिच्यावर हात उगारत नाही. तिला जेवू देत नाही, झोपू देत नाही आणि हे सगळं तुझ्या काळजीपोटीच, असं वर सांगतो. शिकारी ससाण्याला उपाशी आणि जागं ठेवून माणसाळवतात, तीच रीत आपण वापरतो आहोत, हे तो प्रेक्षकांना उघड सांगतो. भरदुपारी तो सूर्याला चंद्र म्हणतो आणि तिनंही चंद्रच म्हणायचं असतं. शेवटी हीच कॅथरिना इतर बायकांना लांबलचक उपदेश करते : नवरा म्हणजे धनी, त्याच्या पायाखाली हात ठेवायची तयारी हवी. लोक हसतात, नाटक संपतं.

हे हसू रंगभूमीपुरतं नव्हतं. त्या काळच्या इंग्लंडात बाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडणं हा कायद्यानं गुन्हा होता. अशा बाईला खुर्चीत बांधून गावच्या तळ्यात किंवा नदीत बुचकळून काढण्याची शिक्षा होती. काही गावांत तिच्या डोक्याला लोखंडी लगाम चढवत. त्याची पट्टी जिभेवर दाबून बसे. हा ‘भांडखोरपणाचा गुन्हा’ इंग्लंडच्या कायद्यातून रद्द व्हायला १९६७ साल उजाडावं लागलं. म्हणजे नाटक पाहून हसणाऱ्या प्रेक्षकानं तळ्याकाठचा तो खेळही पाहिलेला असू शकत होता.

या नाटकाबद्दल बोलायला लागलं, की सहसा एक उत्तर मिळतं : ‘अहो, तो काळच तसा होता.’ आम्हाला बी.ए.ला शेक्सपिअर शिकवताना हेच सांगितलं गेलं. ऐकायला हे उत्तर समजूतदार वाटतं. पण ते अर्धंच खरं आहे. तसा काळ होता, हे खरं. त्या काळात सगळ्यांनाच ते मान्य होतं, हे मात्र खरं नाही. याचा पुरावा त्याच काळानं मागं ठेवला आहे.

पहिला पुरावा शेक्सपिअरच्याच नाटकमंडळीतला. जॉन फ्लेचर हा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान नाटककार. शेक्सपिअरच्या अखेरच्या काळात दोघांनी मिळूनही नाटकं लिहिली. या फ्लेचरनं १६११च्या सुमाराला, म्हणजे शेक्सपिअर हयात असताना, ‘श्रू’चा पुढचा भाग लिहिला. नाव : ‘द वुमन्स प्राइझ, ऑर द टेमर टेम्ड’. माणसाळवणाराच माणसाळला! यात कॅथरिना मेलेली आहे आणि पेट्रुकिओ दुसरं लग्न करतो. नवी बायको मारिया पहिल्याच रात्री माडीवर जाऊन आतून कडी लावते. जोवर अटी मान्य होत नाहीत, तोवर दार उघडणार नाही. तिच्या मदतीला बियांका असते. गावातल्या आणि खेड्यातल्या बायका शिधासामग्री घेऊन धावून येतात. वैतागलेला पेट्रुकिओ आजारपणाचं सोंग घेतो, तर मारिया ‘याला प्लेग झाला’ म्हणून त्यालाच घरात कोंडते. तो मेल्याचं सोंग घेतो. ती रडते, पण तो मेला म्हणून नव्हे, तो जगला कसा या विचारानं. शेवटी तडजोड होते आणि भरतवाक्यात स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी बरोबरीनं वागावं, असं सांगितलं जातं.

१६३३च्या नोव्हेंबरात ही दोन्ही नाटकं इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि राणी यांच्यापुढे मधे एक दिवस सोडून झाली. नाटकांवर देखरेख करणारा दरबारी अधिकारी सर हेन्री हर्बर्ट यानं दोन्ही प्रयोगांची नोंद ठेवली आहे. शेक्सपिअरचं नाटक ‘आवडलं’. फ्लेचरचं ‘फार आवडलं’!

दुसरा पुरावा पुस्तकांच्या बाजारातला. १६१५ साली लंडनमध्ये बायकांची निंदा करणारं एक पुस्तक निघालं. लेखक जोसेफ स्वेटनम, हा तलवारबाजीचा शिक्षक. पहिल्या खेपेला त्यानं टोपणनाव घेतलं होतं. आदमच्या वाकड्या बरगडीतून स्त्री घडली, म्हणून ती वाकडीच, असा एकूण युक्तिवाद. जोडीला जुनेपाने विनोद. पुस्तक तडाखेबंद खपलं; पुढची वीस-बावीस वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

१६१७ साली त्याला उत्तर आलं. ते लिहिणारी रेचल स्पेट ही लंडनच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, वय विशीच्या आसपास. तिनं टोपणनाव घेतलं नाही. पुस्तकावर स्वतःचं नाव छापलं. अशा वादात स्वतःच्या नावानं उतरलेली ती पहिली इंग्रज स्त्री मानतात. आदम आणि हव्वाची गोष्ट आमच्याही घरांत मुलं लहानपणापासून ऐकतात, म्हणून तिचा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. तिनं धर्मग्रंथ नाकारला नाही, तोच हातात घेतला. ती म्हणते, स्त्री पुरुषाच्या डोक्यातून घडली नाही, म्हणून ती त्याची मालकीण नव्हे. पायातून घडली नाही, म्हणून दासीही नव्हे. ती कुशीतून घडली, काळजाजवळून, म्हणजे बरोबरीची. त्याच वर्षी आणखी दोन उत्तरं स्त्रियांच्या टोपणनावांनी निघाली. एकीनं ‘सॉवरनम’ असं नाव घेतलं होतं. स्वेटनममध्ये ‘स्वीट’ म्हणजे गोड, तर मी ‘सॉवर’, म्हणजे आंबट! मौज म्हणजे, स्वेटनमचं पुस्तक ज्यानं काढलं, त्या टॉमस आर्चर नावाच्या प्रकाशकानंच स्पेटचंही काढलं. धंद्याला दोन्ही बाजू चालतात.

वाद तिथून रंगमंचावर गेला. १६२० साली एक निनावी नाटक छापून आलं. त्यात स्वेटनमला स्त्रियांच्या न्यायालयात उभं केलं आहे. बायका त्याला बांधतात, टाचण्या टोचतात, त्याच्या तोंडाला मुसकी घालतात. तोंडाळ बाईसाठी जो लगाम होता, तो इथं तोंडाळ पुरुषाला बसला. या नाटकात त्यानं घेतलेलं नाव आहे ‘मिसोजिनॉस’, ग्रीक भाषेत स्त्रीद्वेष्टा. आज जगभर वापरला जाणारा ‘मिसोजिनिस्ट’ हा इंग्रजी शब्द याच वादाच्या धामधुमीत रूढ झाला. एखाद्या वृत्तीला नाव मिळालं, की तिच्याकडे बोट दाखवता येतं. तोवर ती हवेसारखी सगळीकडे असते आणि दिसत नाही.

मी कविता लिहितो. उर्दू गझल ऐकत मोठा झालो. तिथंही माशूकेला बेवफा, जालीम, कातिल म्हणायचा जुना रिवाज आहे. ऐकायला ते गोडच लागतं. पण तिची बाजू त्या शेरात येत नाही. बोलणारा एकटा असतो. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर तर बाईचं बोलणंही बाईच्या तोंडून येत नव्हतं. कॅथरिनाचा तो शरणागतीचा उपदेश लिहिला पुरुषानं आणि म्हटला मुलग्यानं. इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर व्यावसायिक अभिनेत्री उभी राहिली ती १६६०च्या डिसेंबरात. भूमिका होती डेस्डिमोनाची, संशयी नवऱ्याच्या हातून गुदमरून मरणाऱ्या बायकोची. त्या अभिनेत्रीचं नावसुद्धा कुणी नीट लिहून ठेवलं नाही. पुढं दहाच वर्षांत, १६७० साली, आफ्रा बेन या बाईचं नाटक लंडनमध्ये लागलं आणि लेखणीवर पोट भरणारी लेखिका इंग्रजीला मिळाली.

‘श्रू’ आपल्याकडेही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी तिचं मराठी रूपांतर केलं. शाहूनगरवासी मंडळीनं ते गाजवलं; गणपतराव जोशी प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग नायिका. तिथंही नायिका पुरुषच. नाटकाचं नाव ‘त्राटिका’. रामाच्या बाणानं मेलेल्या राक्षसीचं नाव! चिचुंद्रीची राक्षसी झाली. पडदा उघडण्याआधीच निकाल लागला. आजही आपण भांडखोर बाईला सहज त्राटिका म्हणतो.

आणि इथंही उत्तर हजर होतं, तेही आधीच. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांवर तोंडसुख घेतलं जात होतं, त्याला दिलेलं हे जळजळीत उत्तर. नाटक-कादंबऱ्यांत रंगवलेल्या बायकांचाही समाचार ताराबाईंनी त्यात घेतला आहे. ‘त्राटिका’ लोकांच्या जिभेवर राहिली. ताराबाईंचं पुस्तक मात्र विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं.

मग शेक्सपिअर वाचूच नये का? असं मला मुळीच वाटत नाही. तो मोठाच आहे आणि कॅथरिनासारखी जिवंत, धारदार बोलणारी मुलगी उभी करण्याचं श्रेयही त्याचंच. पण प्रश्नासोबत उत्तरही वाचायला हवं. २००३ साली इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीनं ‘श्रू’ आणि फ्लेचरचा जबाब अशी दोन्ही नाटकं जोडीनं केली. एकाच अभिनेत्रीनं आधी कॅथरिना केली आणि मग मारिया. आपल्या महाविद्यालयांतून शेक्सपिअर शिकवला जातो, तेव्हा शेजारी फ्लेचरची चार पानं आणि रेचल स्पेटची दोन पानं ठेवायला काय हरकत आहे? मराठीच्या तासाला ताराबाई आहेतच. एवढं केलं, तर वर्गातल्या मुलीला ‘तो काळच तसा होता’ एवढ्यावर गप्प बसावं लागणार नाही. त्या काळात तिच्याच वयाची एक मुलगी बोलली होती, हे तिला कळेल.