अल्पमुदतीची बचत साधने (भारत)

अल्पमुदतीची बचत साधने म्हणजे काही दिवसांपासून साधारणतः एक वर्षापर्यंतच्या काळासाठी पैसा सुरक्षित ठेवून त्यावर व्याज किंवा तत्सम उत्पन्न मिळवण्याची साधने होत. भारतात बचत खाते, बँकेतील मुदत ठेव, टपाल कार्यालयातील मुदत ठेव, ट्रेझरी बिल आणि लिक्विड फंड ही त्यांपैकी प्रमुख आहेत. आणीबाणीसाठी राखलेली रक्कम, शैक्षणिक शुल्क, घरखरेदीचा हप्ता किंवा लग्नकार्याचा खर्च अशा नजीकच्या गरजांसाठी ती वापरली जातात. व्याजदर वाढत असताना या साधनांचे दर एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे अशा काळात साधनाची व मुदतीची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

भारतीय रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांना ज्या दराने अल्पकाळासाठी कर्ज देते त्याला रेपो दर म्हणतात. मे २०२० पासून हा दर ४ टक्के होता. महागाई वाढल्यामुळे ४ मे २०२२ रोजी तो ४.४० टक्के करण्यात आला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढवत ८ फेब्रुवारी २०२३ रोजी तो ६.५० टक्क्यांवर नेण्यात आला. अशा प्रकारे सुमारे नऊ महिन्यांत एकूण २.५० टक्क्यांची वाढ झाली. पुढे दोन वर्षे हा दर स्थिर राहिला व फेब्रुवारी २०२५ मध्ये कपातीस सुरुवात झाली.

ही वाढ बचतदारांपर्यंत असमान रीतीने पोहोचली. ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांवरील परतावा एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होता, तो मार्च २०२३ पर्यंत पावणेसात टक्क्यांच्या जवळ गेला. टपाल कार्यालयातील एक वर्षाच्या मुदत ठेवीचा दर मात्र डिसेंबर २०२२ अखेरपर्यंत ५.५ टक्केच होता. जानेवारी २०२३ मध्ये तो ६.६, एप्रिलमध्ये ६.८ आणि जुलैमध्ये ६.९ टक्के झाला. भारतीय स्टेट बँकेच्या बचत खात्यावरील सर्वसामान्य शिलकेचा दर या संपूर्ण काळात २.७० टक्क्यांवर कायम राहिला.

या फरकाचा परिणाम छोट्या रकमेवरही दिसतो. १ लाख रुपये वर्षभर २.७० टक्के दराने बचत खात्यात राहिल्यास सुमारे २,७०० रुपये व्याज मिळते. तीच रक्कम ६.८ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवल्यास सुमारे ६,९७५ रुपये मिळतात.

प्रमुख साधने

बचत खाते: यातील पैसा केव्हाही काढता येतो. व्याजाची आकारणी दररोजच्या शिलकेवर होते. ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना आहे. दर वाढत असतानाही बँका हा दर वाढवतीलच असे नाही. म्हणून हे खाते मुख्यतः दैनंदिन व्यवहारासाठी आणि तातडीच्या रकमेसाठी उपयुक्त मानले जाते.

बँकेतील मुदत ठेव: देशांतर्गत मुदत ठेवीची किमान मुदत ७ दिवस असते. ठेवताना ठरलेला दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. त्यामुळे दर वाढले तरी जुन्या ठेवीला त्याचा लाभ मिळत नाही, तसेच दर घटले तरी तिचे नुकसान होत नाही. १ कोटी रुपयांपर्यंतच्या वैयक्तिक ठेवींना मुदतपूर्व मोडण्याची सोय देणे बँकांना बंधनकारक आहे.

टपाल कार्यालयातील मुदत ठेव: ही १, २, ३ व ५ वर्षांसाठी असते आणि तिला केंद्र सरकारची हमी असते. तिच्या दरांचा आढावा दर तिमाहीला घेतला जातो. पहिल्या सहा महिन्यांत ती मोडता येत नाही. सहा महिन्यांनंतर, पण वर्षाच्या आत मोडल्यास केवळ टपाल बचत खात्याच्या दराने व्याज मिळते.

ट्रेझरी बिल: केंद्र सरकार ९१, १८२ व ३६४ दिवसांच्या मुदतीची ट्रेझरी बिले विकते. त्यांवर वेगळे व्याज दिले जात नाही. ती दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीला विकली जातात व मुदतीअंती पूर्ण दर्शनी किंमत परत मिळते. उदाहरणार्थ, १०० रुपयांचे ९१ दिवसांचे बिल ९८.३० रुपयांना मिळाल्यास १.७० रुपये लाभ होतो आणि त्याचा वार्षिक दर सुमारे ६.९४ टक्के येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेतून व्यक्तींना किमान १०,००० रुपयांपासून लिलावात थेट भाग घेता येतो. मुदतीपूर्वी पैसे हवे असल्यास बिल बाजारात विकावे लागते व लहान रकमेसाठी खरेदीदार लगेच मिळेलच असे नाही.

लिक्विड फंड: हे म्युच्युअल फंड ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीच्या रोख्यांत व तत्सम साधनांत गुंतवणूक करतात. जुने रोखे लवकर परिपक्व होऊन नवे रोखे वाढीव दराने घेतले जात असल्याने दरवाढ त्यांच्या परताव्यात तुलनेने लवकर उतरते. मात्र परताव्याची हमी नसते आणि ठेव विम्याचे संरक्षणही नसते. पहिल्या सहा दिवसांत रक्कम काढल्यास अल्प शुल्क लागते.

सुरक्षितता आणि ठेव विमा

बँकेतील ठेवींना ठेव विमा व पत हमी महामंडळाकडून विमा संरक्षण असते. त्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये करण्यात आली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदारासाठी असते. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला तो भरावा लागत नाही.

व्यापारी बँका, लघु वित्त बँका आणि सहकारी बँका या विम्याच्या कक्षेत येतात. सहकारी पतसंस्था, कंपन्यांच्या ठेवी आणि बिगरबँक वित्तीय संस्थांतील ठेवी मात्र त्याबाहेर आहेत. महाराष्ट्रात पतसंस्थांचे जाळे मोठे असल्याने आणि नावातील साम्यामुळे सहकारी बँक व पतसंस्था यांत गल्लत होण्याचा संभव असतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे.

विम्याच्या मर्यादेचे महत्त्व मुंबईस्थित पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसून आले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी लघु वित्त बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या योजनेनुसार मोठ्या ठेवींतील ५ लाखांवरील रक्कम १० वर्षांपर्यंतच्या काळात हप्त्यांनी देण्याचे ठरले. २०२१ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, व्यवहारांवर असे निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद करण्यात आली.

मुदतीची निवड

दर वाढत असताना सर्व रक्कम दीर्घ मुदतीत अडकवल्यास पुढील वाढीचा लाभ मिळत नाही. उलट, अधिक दराच्या प्रतीक्षेत रक्कम बचत खात्यात ठेवल्यास तेवढ्या काळाचे व्याज कमी मिळते. या दोहोंमधील मार्ग म्हणून रक्कम विभागून ठेवण्याची पद्धत वापरली जाते. तिला 'शिडी पद्धत' असे म्हणतात. उदाहरणार्थ, १,२०,००० रुपयांचे ३०,००० रुपयांचे चार भाग करून ते अनुक्रमे ३, ६, ९ व १२ महिन्यांसाठी ठेवले जातात. प्रत्येक भाग परिपक्व होताच तो त्यावेळच्या दराने पुन्हा १२ महिन्यांसाठी ठेवला जातो. वर्षभरानंतर दर तिमाहीला एक ठेव परिपक्व होत राहते. त्यामुळे दरवाढीचा लाभ टप्प्याटप्प्याने मिळतो आणि काही रक्कम सतत हाताशी येत राहते. पुढे दर घटू लागल्यास आधी ठेवलेले भाग जुन्या, चढ्या दराने चालू राहतात.

मुदतपूर्व ठेव मोडणे

नवा दर अधिक असल्यास जुनी ठेव मोडून नवी करणे नेहमीच लाभदायक नसते. मोडलेल्या ठेवीवर मूळ दर मिळत नाही. ती प्रत्यक्षात जितका काळ राहिली, त्या काळासाठी ठेव ठेवतेवेळी लागू असलेला दर धरला जातो व बहुधा त्यातून अर्धा ते एक टक्का दंड वजा होतो.

एका काल्पनिक उदाहरणात १ लाख रुपये ५.५ टक्के सरळव्याजाने एक वर्षासाठी ठेवले असून वर्षाअखेर ५,५०० रुपये व्याज मिळणार आहे. तीन महिन्यांनी ठेव मोडल्यास ४ टक्क्यांतून १ टक्का दंड वजा जाऊन ७५० रुपये मिळतात. उरलेले नऊ महिने ती रक्कम ६.७५ टक्क्यांनी ठेवल्यास सुमारे ५,१०० रुपये मिळून एकूण व्याज ५,८५० रुपये होते, म्हणजे ३५० रुपयांचा लाभ होतो. हीच ठेव नऊ महिन्यांनी मोडली आणि दंड वजा जाता ४ टक्के दर मिळाला, तर ३,००० रुपये हाती येतात. उरलेले तीन महिने ५ टक्के दर मिळाला तरी एकूण व्याज सुमारे ४,२९० रुपयेच होते. मुदतीचा बराच काळ उलटल्यावर ठेव मोडणे तोट्याचे ठरू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

कर आणि महागाई

ठेवींवरील व्याज करदात्याच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या कर टप्प्यानुसार करपात्र ठरते. ट्रेझरी बिलांवरील लाभही करपात्र असतो. १ एप्रिल २०२३ नंतर खरेदी केलेल्या लिक्विड फंडांच्या युनिटवरील नफ्यालाही, ती कितीही काळ ठेवली तरी, हाच नियम लागू होतो. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतील ठेवींवरील वार्षिक व्याज ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाल्यास बँक करकपात करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. कपात झाली नाही म्हणून व्याज करमुक्त ठरत नाही.

व्याजदरातून महागाईचा दर वजा केल्यास बचतीवरील वास्तव परताव्याचा अंदाज येतो. एप्रिल २०२२ मध्ये भारतातील किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता. त्यावेळच्या ५.५ टक्क्यांच्या ठेवीचे मूल्य आकड्यांत वाढत असले, तरी तिची क्रयशक्ती घटत होती. अल्पमुदतीच्या बचतीचा मुख्य हेतू संपत्ती वाढवणे नसून ठरलेल्या वेळी ठरलेली रक्कम निश्चितपणे हाती येणे हा असतो. म्हणून या साधनांची तुलना करताना व्याजदराबरोबरच मुद्दलाची सुरक्षितता आणि रक्कम काढण्याची सोय यांचाही विचार केला जातो.

हेही पाहा

रेपो दर
मुदत ठेव
ठेव विमा व पत हमी महामंडळ
भारतीय रिझर्व्ह बँक