कैद्याच्या पत्रापासून ‘४१९’पर्यंत

मोठ्या धनाची आशा दाखवून ते सोडवण्यासाठी लागणारा किरकोळ खर्च आधी उकळण्याचा प्रकार, ज्याला कायद्याच्या परिभाषेत आगाऊ शुल्काची फसवणूक म्हणतात, ईमेलपेक्षा सुमारे दोन शतकांनी जुना आहे. पूर्वाश्रमीचा गुन्हेगार व पुढे पॅरिसच्या गुप्तहेर पोलिसांचा प्रमुख झालेला युजेन फ्रान्स्वा विदोक याने १८३०च्या दशकात बिसेत्र तुरुंगातून निघणाऱ्या अशा पत्रांचे वर्णन केले आहे. कैदी परगण्यांतील श्रीमंतांचे पत्ते मिळवत आणि क्रांतीच्या धामधुमीत परागंदा झालेल्या एखाद्या उमरावाचा नोकर असल्याची बतावणी करून, धन्याची जडजवाहिराची पेटी वाटेत कशी टाकून द्यावी लागली, हे कळवत. शंभरांपैकी वीस पत्रांना उत्तर येई, असे विदोक सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच कथा ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने अमेरिकेत पोहोचली. प्रत्येक पत्राला कागद, टपालखर्च आणि वेळ लागत असल्यामुळे ते विश्वसनीय वाटावे याची काळजी घेणे लेखकाला भाग होते.

नायजेरियात तेलाचे भाव १९८०च्या दशकात कोसळल्यावर सुशिक्षित बेकारी वाढली आणि या धंद्याला तेथे मनुष्यबळ मिळाले. त्या देशाच्या दंडसंहितेतील खोट्या बतावणीने मालमत्ता मिळवण्याविषयीच्या कलमावरून त्याला ‘४१९’ हे नाव पडले. लष्करशहा सानी अबाचा १९९८ साली मरण पावल्यावर त्याच्या विधवेच्या नावाने पत्रे सुटू लागली. अबाचाने सरकारी तिजोरी खरोखरच लुटली असल्यामुळे त्या कथेला वास्तवाचा आधार होता, आणि नायजेरियन जनतेला मात्र त्या लुटीबरोबरच जगभरची बदनामीही सोसावी लागली, हा अन्याय नोंदवलाच पाहिजे.

ईमेलमुळे पाठवण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आणि त्यासोबत लेखनातील काळजीही गेली. एका प्रसिद्ध ईमेलमध्ये एक नायजेरियन अंतराळवीर ‘साल्युत ८टी’ या गुप्त सोव्हिएत स्थानकात वर्षानुवर्षे अडकला असून त्याचा साठलेला पगार सोडवायला मदत हवी, असे म्हटले होते. प्रत्यक्षात साल्युत मालिकेतील अखेरचे स्थानक सातवे होते. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली या हास्यास्पदतेची आर्थिक कारणमीमांसा मांडली. पत्र पाठवणे फुकट असले, तरी उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करणे खर्चिक असते. म्हणून शंका घेणारे आरंभीच गळून पडावेत आणि अखेरपर्यंत विश्वास ठेवतील तेवढेच उरावेत, हे फसवणाऱ्याच्या सोयीचे ठरते. सुपात धान्य पाखडावे तशी ही निवड होते. तथापि प्रत्येक विसंगतीमागे असा हिशेब असेल असे मानणे अतिरेकाचे होईल. पुष्कळ मजकूर एकमेकांचा उतरवून घेतलेला आणि खरोखरच निष्काळजीपणे लिहिलेला दिसतो.

जेथे सावज एकच आणि मोठे होते, तेथे मात्र जुनी काळजी टिकून राहिली. इमॅन्युएल न्वुडे याने नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याचे भासवून, अबुजा येथे विमानतळ बांधायचा असल्याचे सांगत, १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलच्या बँको नोरोएस्ते या बँकेच्या एका अधिकाऱ्याकडून सुमारे २४ कोटी २० लाख डॉलर काढून घेतले. हा विमानतळ अस्तित्वात येणार नव्हता. बँक पुढे कोसळली, आणि २००३ साली स्थापन झालेल्या नायजेरियाच्या आर्थिक गुन्हे आयोगाने चालवलेल्या खटल्यात न्वुडेला २००५ साली शिक्षा झाली.