दोन गोळ्यांनंतरचा प्रश्न

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने मुलीच्या गोळ्यांची पिशवी आणली. मुलगी १९ वर्षांची. फिट येते ती ८ व्या वर्षापासून. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल, देवऋषीही झाला. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या ४ वेळा बदलल्या. फिट मात्र थांबली नाही. आणि ११ वर्षांत कुणी सांगितलं नाही की फिटवर ऑपरेशनही असतं, निदान त्यासाठीची तपासणी तरी करून घ्या. आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? हप्त्यांचा हिशोब बाजूला ठेवून आम्ही वाचायला बसलो.

आम्हाला वाटलं, हे आत्ताचं काहीतरी असेल. पण लंडनमध्ये २५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ले या सर्जनने २२ वर्षांच्या तरुणावर असं ऑपरेशन केलं होतं. लहानपणी गाडीखाली येऊन त्याच्या डोक्याला मार लागला होता. तेव्हा एमआरआय नव्हता. मेंदूच्या लहरी टिपणारा ईईजी हान्स बर्गर यांनी जगापुढे मांडला तो १९२९ मध्ये. मग जागा कळली कशी? डोक्यावर जुना व्रण होताच. शिवाय ह्यूलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर सांगत, की फिट अंगाच्या कुठल्या भागात सुरू होते ते नीट बघा, त्यावरून मेंदूतली जागा ओळखता येते. म्हणजे शेजारी बसून बघणं, हीच पहिली तपासणी!

आपल्याकडे वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ मध्ये असं ऑपरेशन केलं. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती नियमित होऊ लागली. दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्ये ११६ मुलांचा अभ्यास छापला. औषधाला दाद न देणाऱ्या मुलांपैकी ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यातली ७७ टक्के वर्षभरानंतर फिटमुक्त होती. नुसत्या औषधांवरची ७ टक्के.

मग अडतं कुठे? पाठवण्यात. योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली २ औषधं फसली, तर पुढच्या औषधाने फिट थांबण्याची आशा फार थोडी, हे २००० सालापासून छापलेलं आहे. तरी चिठ्ठी लिहिणारा हात थांबतो. ‘ऑपरेशन शेवटचा उपाय’ असं डॉक्टरांनाही वाटतं, घरच्यांनाही.

यासाठीच कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये संगणकावर चालणारं एक साधन तयार केलं. तज्ज्ञांनी २५०० हून जास्त प्रकारच्या रुग्णांच्या स्थितींचा विचार केला: याला पाठवावं की नको? आता साधा डॉक्टर त्यात माहिती भरतो. फिट कधीपासून, कशी, किती वेळा, औषधं किती झाली, त्रास काय, ईईजी-एमआरआय काय म्हणतो. साधन सांगतं, मोठ्या केंद्रात तपासणीला पाठवणं योग्य आहे की नाही. ऑपरेशन करा असं ते सांगत नाही. ते ठरतं तिथल्या तपासण्यांनंतर, आणि सगळ्यांना ते लागूही पडत नाही.

यातल्या पहिल्या प्रश्नांची उत्तरं कुणाकडे असतात? आईकडे, सासूकडे. आमची ताई दवाखान्यात इतकी वर्षं एवढंच सांगत होती, “पोरगी पडते.” आम्ही खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आधी पोटात कसंतरी होतंय म्हणते, मग टक लावून बघते, ओठ चाटते, आणि मग पडते. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तिने सांगितलं नाही त्यालाही कारण होतं. पोरीचं लग्न. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच फेफरं हे लग्न रद्द करण्याचं एक कारण होतं. कायद्यातून ते काढलं, सोयरिकीतून अजून निघालेलं नाही.

आता ताईने वही घातली आहे. तारीख, वेळ, आधी काय झालं, किती मिनिटं, गोळी चुकली होती का. थोरल्या मुलाने मोबाइलवर एका फिटचं चित्रीकरणही केलं. वही बघून तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, आणि गाडीभाडं गटाच्या पैशातून द्यायचं ठरलं आहे.