कॉन्सलचा शिक्का

परदेशीं राहणाऱ्या मनुष्याच्या पासपोर्टाची मुदत संपली म्हणजे त्यानें आपल्या सरकारच्या कॉन्सलकडे जावें, ठरलेली फी भरावी आणि नवा पासपोर्ट घेऊन घरीं यावें, इतका हा व्यवहार साधा दिसतो. आणि बहुतेकांच्या आयुष्यांत तो तितकाच साधा राहतोही. परंतु ह्या व्यवहाराच्या पोटांत एक प्रश्न दडलेला असतो. पासपोर्ट प्रथम देतांना सरकार प्रवासाची सोय करून देतें. तोच परदेशांत नवा करून देतांना मात्र ‘हा मनुष्य अजून आमचा आहे काय?’ ह्या प्रश्नाचें उत्तर तें देत असतें. शंभरांपैकीं नव्याण्णव वेळां हा प्रश्न कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. १९३८ सालीं पोलंडच्या सरकारनें तो मोठ्यानें विचारला, आणि त्याचें उत्तर कॉन्सलच्या एका शिक्क्यावर सोंपवून दिलें. त्या शिक्क्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वीं रशिया व तुर्कस्तान सोडले तर युरोपांत पासपोर्टावांचून कोणाचें फारसें अडत नसे. १९१४ पूर्वीं आपण पासपोर्टाशिवाय हिंदुस्थान व अमेरिका पाहून आलों हें सांगितलें म्हणजे तरुण मंडळी आश्चर्यानें पाहूं लागते, असें स्टेफान त्स्वाइग ह्या ऑस्ट्रियन ग्रंथकारानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. युद्धांत हेरांच्या भीतीनें जीं बंधनें आलीं तीं युद्ध संपल्यावर गेलीं नाहींत. १९२० च्या ऑक्टोबरांत राष्ट्रसंघानें पॅरिस येथें परिषद भरवून ३२ पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला, आणि पासपोर्ट ही प्रत्येक प्रवाशाच्या खिशांतील वस्तु झाली. पुस्तिकेबरोबर मुदतही आली. आणि मुदत आली म्हणजे दर कांहीं वर्षांनीं सरकारच्या दारीं जाणें आलें.

ह्या मुदतीचा राजकीय उपयोग रशियानें फार लवकर ओळखला. १५ डिसेंबर १९२१ च्या हुकुमानें सोव्हिएट सरकारनें असें जाहीर केलें कीं, जे लोक पांच वर्षांहून अधिक काळ परदेशांत आहेत आणि ज्यांनीं १ जून १९२२ पर्यंत सोव्हिएट वकिलातींतून पासपोर्ट अथवा दाखला घेतला नाहीं, त्यांचें नागरिकत्व गेलें. लाखों रशियन निर्वासित अशा रीतीनें कोणाचेच नाहींतसे झाले. त्यांच्यासाठीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें नान्सेन ह्यांनीं १९२२ च्या जुलईंत एक प्रमाणपत्र निर्माण केलें, तोच पुढें प्रसिद्ध झालेला ‘नान्सेन पासपोर्ट’. तो नसण्यापेक्षां बरा, एवढेंच त्याविषयीं म्हणतां येईल. कारण ज्या देशानें तो दिला त्या देशांत परत येण्याचाही हक्क त्यानें मुळांत मिळत नसे.

आतां पोलंडकडे वळूं. जर्मनींत १९३८ सालीं सुमारें ५० हजार यहुदी असे होते कीं, ज्यांच्यापाशीं पोलिश पासपोर्ट होते. त्यांतील कित्येकांनीं पोलंड कधीं डोळ्यांनींही पाहिलेला नव्हता. जर्मन कायद्याप्रमाणें नागरिकत्व जन्मभूमीवरून ठरत नसे, आईबापांवरून ठरे. त्यामुळें हॅनोव्हर किंवा लाइपत्सिग येथें जन्मून, तेथील शाळेंत शिकून आणि जर्मन हीच बोली बोलूनही मुलगा पोलिशच राही. आईबापांची गोष्ट तर आणखी विचित्र होती. सेंडेल ग्रीनश्पान नांवाचा एक शिंपी १९११ मध्यें रादोम्स्को हें गांव सोडून हॅनोव्हरला आला, तेव्हां पोलंड नांवाचें राज्य नकाशावर नव्हतें. रादोम्स्को रशियाच्या झारच्या अमलाखालीं होतें. १९१८ मध्यें पोलंड पुन्हां उभा राहिला आणि घरबसल्या हा शिंपी त्याचा नागरिक झाला. पासपोर्ट मिळाला तो असा, न मागतां. गेला तोही तसाच.

१९३८ च्या मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. तेथें सुमारें २० हजार पोलिश यहुदी होते, आणि ते आतां मायदेशाची वाट धरतील ह्या भीतीनें वॉर्साच्या सरकारला घेरलें. त्याच महिन्यांत, अवघ्या दोन आठवड्यांच्या अवधींत, कायदेमंडळांत विधेयक येऊन मंजूर झालें आणि ३१ मार्च रोजीं त्यावर सही झाली. जो पोलिश नागरिक सलग पांच वर्षें परदेशांत राहिला आहे आणि ज्याचा पोलिश राज्याशीं संबंध तुटला आहे, त्याचें नागरिकत्व काढून घेतां येईल, असें त्यांत एक कलम होतें. ‘यहुदी’ हा शब्द कायद्यांत कोठेंही नाहीं. कायद्याच्या भाषेची ही जुनी युक्ति आहे : ज्याच्यावर नेम धरावयाचा त्याचें नांव घ्यावयाचें नाहीं. आणि संबंध तुटला कीं नाहीं हें मोजावयाचें कशानें? सत्तावीस वर्षें परमुलुखांत शिवणयंत्र चालविणाऱ्या मनुष्यानें राज्याशीं संबंध ठेवावयाचा तो कोणता? पासपोर्ट वेळोवेळीं नवा करून घेणें हाच काय तो त्याचा संबंध होता.

कायदा झाला तरी माणसें सीमेवर आलीं तर त्यांना अडवावयाचें कसें, हा प्रश्न राहिला होता. तो ऑक्टोबरांत सुटला. योगायोग असा कीं, ५ ऑक्टोबर १९३८ रोजीं जर्मन सरकारनें स्वतःच्या यहुदी प्रजेचे सारे पासपोर्ट रद्द ठरविले; त्यांवर तांबडें ‘जे’ हें अक्षर उमटल्यावरच ते पुन्हां चालावयाचे होते. ह्या अक्षरामागें स्विस सरकारच्या पोलीसखात्याशीं झालेल्या वाटाघाटी होत्या, हें स्वित्झर्लंडच्या तटस्थतेचें कौतुक करणारांनीं विसरूं नये. दुसऱ्याच दिवशीं, ६ ऑक्टोबरला, पोलंडनें हुकूम काढला : परदेशांत दिलेले सारे पोलिश पासपोर्ट कॉन्सलकडून तपासून घ्यावे, ऑक्टोबर संपतां संपतां ज्यावर तपासणीचा शिक्का नसेल तो पासपोर्ट पोलंडच्या सीमेवर चालणार नाहीं. एका राज्याचा शिक्का बसल्यानें घात होत होता, दुसऱ्याचा न बसल्यानें. हा दुसरा हुकूम १५ तारखेस प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारें दोन आठवड्यांत हजारों लोकांनीं कॉन्सलचें दार गांठावयाचें, आणि ज्याचें नागरिकत्व काढून घेण्याजोगें आहे असें कॉन्सलला वाटेल त्यास शिक्का नाकारावयाचा.

जर्मन सरकारनें हिशेब तात्काळ केला. महिना संपला कीं हे ५० हजार लोक बिनदेशाचे होऊन आपल्याच गळ्यांत पडणार. तेव्हां मुदत उलटण्यापूर्वींच त्यांना सीमेपार लोटावें. हिमलरचा हुकूम निघाला आणि २८ व २९ ऑक्टोबर ह्या दोन दिवसांत सुमारें १७ हजार माणसें धरून गाड्यांत भरलीं गेलीं. कोठें फक्त पुरुष धरले, कोठें सबंध कुटुंबें. जवळ फक्त १० मार्क ठेवण्याची मुभा होती. पुढें जर्मनींतील सर्वांत वजनदार ग्रंथपरीक्षक म्हणून नांवाजलेला मार्सेल राइख-रानित्स्की हा त्या वेळीं बर्लिनमधील अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यापाशीं एक हातरुमाल आणि बाल्झाकची एक कादंबरी एवढेंच सामान होतें. शिंपी ग्रीनश्पान ह्याच्या घरीं २७ तारखेच्या रात्रीं आठ वाजतां पोलीस आला आणि लगेच परत यावयाचें आहे, दुसरें कांहीं घेऊं नका, पासपोर्ट तेवढे बरोबर घ्या, असें सांगून कुटुंबाला ठाण्यावर घेऊन गेला.

ह्या सर्व प्रकारांत ज्याचें नांव आदरानें घ्यावें असा एक कॉन्सलही होता. लाइपत्सिग येथील पोलिश कॉन्सल फेलिक्स चिचेव्स्की ह्यानें धरपकड सुरू झालेली पाहतांच कचेरीचें दार उघडलें, आणि सुमारें १३०० लोकांना कचेरींत व आवारांत आश्रय दिला. परक्या वकिलातींत पोलिसांना शिरतां येत नाहीं हा नियम त्यानें त्यांच्या कामीं लावला. शिक्का नाकारण्याचा अधिकार ज्या खुर्चीला होता, त्याच खुर्चीवर बसून त्यानें हें केलें.

बाकीच्यांपैकीं बहुतेकांची रवानगी झ्बान्शिन ह्या सीमेवरच्या गांवीं झाली. शेवटचे दोन किलोमीटर त्यांना चाबकांच्या धाकाखालीं पायीं हांकण्यांत आलें. पोलिश पहारेकरी प्रथम गोंधळले. पुढें गांवाचा रस्ता बंद झाला आणि हजारों माणसें लष्कराच्या जुन्या तबेल्यांत व एका गिरणींत हिंवाळाभर अडकून पडलीं. वॉर्साचा तरुण इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम तेथें मदतीसाठीं गेला होता. पुढें वॉर्साच्या कोंडवाड्यांतील जीवनाचें गुप्त दफ्तर ज्यानें जमविलें तोच हा.

सेंडेलचा मुलगा हर्शेल त्या वेळीं पॅरिसमध्यें चुलत्याकडे होता. वय सतरा. त्याच्या पोलिश पासपोर्टाची मुदत १९३८ च्या आरंभीं संपली होती. जर्मनींत परत येण्याचा परवाना त्याआधींच संपला होता. आणि ऑगस्टांत फ्रेंच सरकारनें त्याला देश सोडण्याचा हुकूम दिला होता. जावयाचें कोठें, हें मात्र त्या हुकुमांत नव्हतें. ३ नोव्हेंबरला बहिणीचें पत्र आलें, त्यांत झ्बान्शिनची हकीकत होती. ७ तारखेस त्यानें जर्मन वकिलातींत जाऊन फॉम राट ह्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. तो ९ तारखेस मेला, आणि त्याच रात्रीं साऱ्या जर्मनींत यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें पेटलीं. सुमारें ३० हजार पुरुष छळछावण्यांत गेले. गोळीबार हें निमित्त होतें हें उघड आहे. पेटविणारे हात तयारच होते. पोलंडचा अपराध आणि जर्मनीचा अपराध एकाच तराजूंत घालणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. परंतु जुलुमी शेजाऱ्याच्या हातीं आपलींच माणसें देण्यास वॉर्साचा एक कागद कारण झाला, हेंही झांकतां येणार नाहीं. म्हातारा सेंडेल ह्या संहारांतून वांचला, आणि १९६१ मध्यें जेरुसलेम येथें आइखमानच्या खटल्यांत त्यानें त्या रात्रीची साक्ष दिली.

ज्या राज्यानें शिक्का नाकारला, त्या राज्याच्या इतर प्रजेवरही पुढें तसाच प्रसंग आला. आणि त्या प्रजेपैकीं कांहीं लोक आपल्या कोल्हापुरापर्यंत येऊन पोंचले. ते बहुतांशीं कॅथॉलिक होते, आणि १९३८ च्या हुकुमाशीं त्यांचा स्वतःचा कांहींही संबंध नव्हता. पूर्व पोलंडांतून रशियानें हद्दपार केलेलीं हीं कुटुंबें १९४२ मध्यें इराणमार्गें बाहेर पडलीं. जीं मागें राहिलीं त्यांच्यावर १९४३ च्या आरंभापासून सोव्हिएट पासपोर्टाची सक्ति झाली, आणि नाकारणारे तुरुंगांत गेले. बाहेर पडलेल्यांपैकीं सुमारें ५ हजार जणांसाठीं, ज्यांत बायका व मुलेंच अधिक, १९४३ मध्यें वळिवडें येथें छावणी उघडली. त्यांचें सरकार लंडनला होतें. १९४५ च्या जुलईंत ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली, आणि पंचगंगेच्या कांठच्या ह्या लोकांचे वाली एका दिवसांत बदलले. ज्या गांवांतून ते आले होते तीं बहुतेक गांवें आतां रशियांत होतीं. कोणी नव्या पोलंडास परतले, कोणी इंग्लंडची वाट धरली. १९४८ मध्यें छावणी बंद झाली. तिच्या बराकींत फाळणीनें घरदार सुटलेले सिंधी लोक राहावयास आले, आणि वस्तीला गांधीनगर हें नांव पडलें.